सहा नंबरची मुऱ्हाळी

दगूमाय रोज सकाळी घरी निघायची. वेणी घालून, गाठोडं बांधून, समोर वॉकर उभा करून सहा नंबरच्या कॉटवर बसायची. संध्याकाळी गाठोडं सोडायची आणि वर मलाच सांगायची, की आजचा मुहूर्त चुकला.

मी नंदुरबारच्या एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाची सिस्टर. दगूमाय सारंगखेड्याकडची, सत्तरीची. खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी केसपेपरवर सुट्टी लिहिली आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. घरी ती एकटी. मोरीपर्यंत न्यायलाही कुणी नाही. सुरतेचा पुतण्या फोनवर नुसता 'उद्या येतो' म्हणायचा. एकटीला सोडावं तर ती पुन्हा पडणार, ठेवून घ्यावं तर नव्या पेशंटला खाली गादी टाकावी लागणार. एकदा वैतागून मी तिच्यावर खेकसले, तर ती शांतपणे म्हणाली,

"सिस्टर, दवाखाना मन्हं सासर. सासरमाईन बाई एकली निंघस का? मुऱ्हाळी लागस."

मी साताऱ्याकडची, मला हा शब्दच ठाऊक नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला न्यायला माहेराहून येतो तो मुऱ्हाळी, बहुधा भाऊ, हे तिनंच शिकवलं. तिचे दोन्ही भाऊ केव्हाच गेले होते. ते सांगताना मात्र तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

एरवी बाई भारी खोडकर. डॉक्टर राऊंडला आले की मुद्दाम घोरायची, गेले की आखाजीची गाणी म्हणायची. सात नंबरची कमल विसरवाडीला हायवेवर चहाचं हॉटेल चालवायची. ती टाके दुखेपर्यंत हसायची. कमलला सुट्टी झाली तेव्हा दोघी मुळूमुळू रडल्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी दगूमायनं गाठोडं बांधलंच नाही. मला ते बघवेना. दुपारी बाहेर पिकअप थांबली आणि कमल आत आली.

"माय, तुले लेवाले उनू." न्यायलाच आलेय, चांगली चालायला लागेपर्यंत माझ्याकडेच राहायचं, असं तिनं सांगून टाकलं.

दगूमायनं तिला नखशिखांत न्याहाळलं. "बाई कधी मुऱ्हाळी राहस का?"

"आते मी शे ना. ऊठ."

रजिस्टरात नेणाऱ्याच्या नात्याचा रकाना असतो. कमल ना लेक, ना सून. मी ठळक अक्षरांत 'मुऱ्हाळी' लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, चष्मा वर केला आणि सही केली. मला इतका आनंद झाला की गाठोडं मीच बांधून दारापर्यंत नेलं.

दारात दगूमाय वळली. "सिस्टर, तुन्हा मुऱ्हाळी कव्हय येस?"

मी हसले. ड्युटी संपल्यावर साताऱ्याला भावाला फोन लावला आणि त्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला.