पिन कोणी काढली?

माझी गिटार एका चौकोनी बॅटरीनं बुडवली, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते साफ खोटं आहे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहायचो. ऑर्केस्ट्रा सोडून चाललेल्या एकाकडून मी 'फझ'चा जुना डबा घेतला होता. गिटारची पिन एका बाजूनं आत, दुसरीकडून तार अॅम्प्लिफायरला, आणि वरचं बटन पायानं दाबलं की गिटार अशी गरजायची की शेजारी खिडक्या लावून घेत. (ती मी दाद समजत असे.) डब्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागायची, बाबांच्या छोट्या ट्रान्झिस्टरला लागते तीच.

माझं संगीत म्हणजे बेकारीचं दुसरं नाव, असं बाबांचं मत. मे महिन्यात माझ्या बहिणीचं, कुंदाताईचं लग्न ठरलं तेव्हा ते म्हणाले, "रिसेप्शनले वाजवून दाखव. लोकायनं वा म्हटलं तर ठेव गिटार. नाही तर विकून टाक अन् नोकरीचे अर्ज भर."

मी सरावाला लागलो. आईला मात्र विजेची भारी धास्ती. माणूस खोलीतून बाहेर पडला की मागून जाऊन ती रेडिओ, पंखा, इस्त्री, दिसेल त्याची पिन उपसायची. त्यात माझ्या डब्याचीही. एकदा पाहुण्यांदेखत मी तिला व्याख्यानच दिलं. हा बॅटरीवर चालतो, भिंतीतल्या विजेशी याचा संबंध नाही, नाजूक यंत्र आहे, तुला त्यातलं कळत नाही. वर डब्यावर चिठ्ठी चिकटवली: 'हात लावू नये.' आईनं खरोखरच हात लावला नाही.

आणि बॅटऱ्या मरायला लागल्या! आज घातलेली उद्या खलास. मी बॅटरी जिभेला लावून पाहायचो. झणझणली तर जिवंत. आता जीभ काही म्हणेना. पहिला संशय अर्थातच बाबांवर. माझी ताजी बॅटरी ते ट्रान्झिस्टरला घालतात आणि आपली मेलेली माझ्या डब्यात, असा माझा सिद्धान्त. ते अंघोळीला गेल्यावर मी ट्रान्झिस्टर उघडून त्यांचीही बॅटरी चाटली. नेमके ते टॉवेलवर बाहेर आले.

"काय करून राहिला बे तू?"

"चव पाहून राहिलो," मी म्हणालो. त्याहून बरं उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही.

मग महाल भागातल्या बॅटरीच्या दुकानदाराशी, शिळा माल विकतो म्हणून भांडलो. शेवटी मेलेल्या बॅटऱ्या गच्चीवर पापडांशेजारी उन्हात घातल्या. (पुन्हा जीव येतो म्हणून तेव्हा सगळेच घालायचे.) नागपूरचं मे महिन्याचं ऊन, एक बॅटरी फुटून तिचा चीक लग्नाच्या पापडांवर सांडला. आईनं पापड पुन्हा लाटायला घेतले.

रिसेप्शनला हयगय नको म्हणून आदल्या दिवशीच नवी बॅटरी घातली आणि पिन लावून डबा तयार ठेवला, चिठ्ठीसकट. माझा सोलो आला. मी ऐटीत बटन दाबलं. फर्र झालं आणि सगळं थंड! गडबडीत मी स्टेजवरच बॅटरी काढून जिभेला लावली. पुढच्या रांगेतल्या ताईच्या सासूबाईंनी आईला विचारलं, "तुमचा मुलगा काय चाटून राहिला वं बाई?"

आई उठून स्टेजवर आली. माझ्यासमोर माइक चालू होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मी रोज पिन काढून ठेवत होती, तवा चालत होता ना रे? तूच म्हटलं हात लावू नको."

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. डब्याला बंद करायचं बटनच नव्हतं. पायाचं बटन नुसतं आवाजाचं. गिटारची पिन घातली की बॅटरी चालू, काढली की बंद. म्हणजे बॅटरीचा खून रोज मीच करत होतो आणि आई रोज तिला वाचवत होती.

मांडवातून जोरदार 'वा!' आलं. आईला.

गिटार विकली. अर्ज भरले. नोकरी लागली ती वीज खात्यात! निवृत्तीपर्यंत मी अख्ख्या विभागाचा पुरवठा सांभाळला. घरातल्या पिना मात्र शेवटपर्यंत आईच काढायची. मला ती हात लावू देत नसे.