दादाच्या कुंपणातली रोपं

शहरातल्या नल्लकुंट्याहून आमची जीप पहाटे निघाली. गल्लीतल्या बायका श्रीशैलमला चालल्या होत्या. शेजारच्या निर्मलाकाकूंनी मलाही घेतलं. मला देवापेक्षा दादाला भेटायची ओढ होती. दादा माझा थोरला भाऊ, त्याच वाटेवरच्या डोंगरात जंगलाची राखण करतो. काकूंच्या पायाशी केळ्यांचे घड होते. घाटात हरणांना केळी घालायची, हे या यात्रेतलं ठरलेलं पुण्य.

मलकपेठ मागे पडलं, मग शेतं संपली आणि घाट लागला. लांबून डोंगर भरलेला दिसत होता. जवळ गेल्यावर मात्र काही तरी चुकल्यासारखं वाटलं. वर मोठी झाडं आणि खाली काहीच नाही. झुडूप नाही, रोप नाही. खोडाखोडांमधून पार पलीकडचा उतार दिसत होता. नुसती म्हातारी माणसं उरलेल्या गावासारखं ते जंगल वाटलं.

दादा रस्त्यावर वाट बघत उभा होता. बायका पुलिहोरा (चिंचेचा भात) खायला बसल्या आणि तो मला आत घेऊन गेला. तिथे उंच तारेचं कुंपण होतं. आत मोहाची (इकडे इप्प म्हणतात), आवळ्याची, चारोळीची रोपं कमरेपर्यंत आलेली. तारेबाहेर नुसती माती.

"कुणी लावली रे?"

"कुणी नाही. झाडांचंच बी पडलेलं. बाहेरही उगवतं की, पण दोन पानं फुटली की दुप्प्या (ठिपक्यांची हरणं) खाऊन टाकतात. केळ्यांच्या आशेने कळप इथून हलतच नाही."

मग त्याने सांगितलं, की वरच्या साहेबांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, माती मेली, जुनी झाडं तोडून साग लावा, सागाला हरीण फारसं तोंड लावत नाही. काही म्हणतात, माती जिवंत आहे. म्हणून हे कुंपण घातलं. उगादीनंतर (म्हणजे पाडव्यानंतर) सगळे बघायला येणार. रोपं दिसली तर डोंगर राखतील.

"आणि नाही दिसली तर?"

"तर मी राखू काय, सुमे?"

तेवढ्यात आत पानं हलली. एक पाडस ओघळीतून, तारेखालून शिरलं होतं. बाहेर त्याची आई पाय आपटत होती. दादा म्हणाला, "आलं तसं जाईल. माणसं फक्त लांब राहायला हवीत. मी त्यांना तिकडेच थांबवतो. तू फाटकाला कुणाला हात लावू देऊ नकोस."

तो एका वाटेने गेला आणि काकू, बाकीच्या बायका दुसऱ्या वाटेने आल्या.

"अगं बाई, लेकराला कोंडलंय! आई बघा कशी तळमळतेय."

"काकू, उघडू नका." माझ्याच कानाला तो आवाज मोठा वाटला.

काकू थबकल्या आणि हसल्या. "हिला आवाज आहे होय? इतकी वर्षं शेजारी राहते, आज ऐकला!"

सगळ्या हसल्या. ड्रायव्हर खाजाभाई मागून म्हणाला, "नक्को अम्मा, जंगलवाले गुस्सा करते."

"तू तुझी गाडी बघ रे!"

काकूंनी फाटक उघडलं. पाडसाला बोलवायला आतल्या रोपांत केळी टाकली. पाडस केळ्यांकडे न बघता थेट आईकडे धावलं. तिने त्याला चाटलं. बायकांनी हात जोडले. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू.

दादा धावत आला. त्याने फाटक लावलं. मग आम्ही दोघांनी आत वाकून वाकून केळी वेचली. रोपं दाट होती, सगळी सापडली नाहीत.

दर्शन करून दुसऱ्या दिवशी परतताना मी पुन्हा उतरले. दादा कुंपणापाशी बसला होता. केळ्यांच्या वासाने रानडुकरं आली होती. त्यांनी ओघळीपाशी तारेखाली उकरून मोठी वाट केली आणि मागून कळप शिरला. आत बोटाएवढे दांडके उभे होते, पान एकही नाही.

"परत फुटतील ना?"

"फुटतील. पण उगादी तोंडावर आलीय." मग म्हणाला, "काकूंना काही बोलू नकोस. देवाहून येताहेत."

संध्याकाळी नल्लकुंट्यात प्रसाद वाटताना काकू आई-लेकराची गोष्ट सांगत होत्या. ऐकणाऱ्यांचे डोळे ओले झाले. "ही होती ना तिथे, विचारा हिला!" काकू म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो, भेट झाली दोघांची," मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्या प्रवासाचा विचार करते तेव्हा वाटतं, हरणाचं लेकरू अडकलं तर त्याची आई पाय आपटते, आपल्याला दिसतं. झाड काहीच करत नाही. ते नुसतं उभं राहतं, म्हणून आपल्याला ते सुखात आहे असं वाटतं.

उगादीनंतर दादाचा फोन आला. साहेब येऊन गेले. झाडांवर तोडणीच्या खुणा करणं चालू आहे. मोह फुलावर आहे, तोडण्याआधी फुलं तेवढी गळू द्या, असं त्याने विनवलं. तेवढं ऐकलं म्हणाला.