शेजाऱ्याचे कोरडवाहू टोमॅटो

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, विलायतेत मेडनहेडला आमच्या शेजारी एक स्पॅनिश आजोबा राहायचे. उन्हाळ्यातली संध्याकाळ संपता संपत नसे, आणि आजोबा कुंपणापलीकडून आपलं गाव सांगत बसत. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले बदाम, खेचरांचा नांगर, अरबांच्या काळातल्या पाटाचं पाळीपाळीनं मिळणारं पाणी. मग पोरं शहरात गेली, खाली किनाऱ्यालगत पांढऱ्या प्लास्टिकखालची शेती आली. विमानातून बघितलं तर जमिनीवर दूध सांडल्यासारखं दिसतं म्हणे. ऐकता ऐकता मी पेंगायचो. त्यांचा बदामाचा मोहर आणि आमच्या आजोळची ज्वारी डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळून जायची.

त्यांच्या वाफ्यात टोमॅटोची सहा झाडं होती. बी त्यांच्या आईनं जपलेलं. गावात ते कुणाकडे उरलं नव्हतं. सख्खा भाऊसुद्धा प्लास्टिकखाली कंपनीचं बी लावायचा. ही सहा गेली की वाण संपला.

ऑगस्टमध्ये ते तीन आठवडे गावी गेले. "झाडांवर लक्ष ठेवा," म्हणाले. "बाकी काही करू नका."

माझ्यासारख्या कर्तबगार माणसाला हे कसं सोसावं? माझ्या दोन तुळशी इथल्या थंडीनं गेल्या होत्या, पण आंघोळीनंतर रोपाला तांब्याभर पाणी घालायची सवय गेली नव्हती. रोज सकाळी ओल्या केसांनी मी कुंपण ओलांडायचो. सहा झाडं, सहा तांबे. एकदा तर हातही जोडले गेले.

"अरे, त्यांनी पाणी घालायला सांगितलं होतं का?" बायकोनं विचारलं.

"सांगायला कशाला हवं?"

टोमॅटो फुगले, मग तडकले. पानं पिवळी पडली. चार झाडं मुळापासून कुजली.

आजोबा परतल्यावर मी सगळं कबूल केलं, जोडलेल्या हातांसकट. ते वाफ्याशी वाकले. "आभाळातून पडेल तेवढ्यावर जगणारी झाडं ही," हळूच म्हणाले. म्हणजे कोरडवाहू! आजोळचं अर्धं शिवार तसंच होतं, आणि मला ते आत्ता आठवत होतं.

त्यांनी एक तडकलेला टोमॅटो चावून पाहिला.

"पाणचट. अगदी माझ्या भावाच्यासारखा! आमच्या गावाला या चवीपर्यंत यायला पन्नास वर्षं लागली. तुम्ही तीन आठवड्यांत पोचलात, तेही प्लास्टिकशिवाय."

हसावं की नाही, मला कळेना.

उरलेल्या दोन झाडांची फळं त्यांनी खुडली, बोटानं गर काढला. बी शाबूत होतं. ते कागदावर पसरून त्यांनी आमच्या खिडकीत ठेवलं, कारण ऊन आमच्याकडेच यायचं. बी सुकेपर्यंत मी त्या खिडकीजवळ चहाचा कपसुद्धा नेला नाही.