हर्षदच्या नावाने निघालेला नारळ

सहदेवविषयी लिहायला माझ्यापेक्षा चांगला माणूस मिळाला असता. पण त्या दिवशी त्याच्याबरोबर मीच होतो, म्हणून लिहितो.

सहदेव पोलादपूरला हायवेलगत पंक्चर काढतो. चाळिशी उलटली, तरी उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीच्या क्रिकेट संघाचा कप्तान तोच. संघात फलंदाज पुष्कळ, भरवशाचा गोलंदाज एकही नाही. त्यामुळे पोलादपूरच्या स्पर्धेत दरवर्षी पहिल्याच सामन्यात आम्ही घरी. यंदा शेजारच्या गावचा संघ फुटला आणि त्यांचा गोलंदाज हर्षद मोकळा झाला.

"नाना, हा आला तर आपण फायनल खेळू," सहदेव मला म्हणाला. त्याला तिळमात्र शंका नव्हती.

पण आमच्याकडे बाहेरचा गडी वाडीच्या नावाने खेळवायचा, तर गावकीने बैठकीत नारळ काढून द्यावा लागतो. तो कप्तानाने गड्याच्या घरी जाऊन त्याच्या हातात ठेवायचा. नुसता फोन करणं कमीपणाचं. सहदेव गावकीचे प्रमुख काशीरामआबा यांच्याकडे गेला.

"मुंबईकर शिमग्याला येतील, तवा बसू," आबा म्हणाले.

"तवर कोणतरी नेईल त्याला."

"बोलर हाय का नवरी हाय रे? नेईल म्हणे."

मुंबईकर आले, बैठक झाली, नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मोटारसायकलने हर्षदचं घर गाठलं. तो ओटीवर उभा होता. अंगात महाडच्या एका संघाची कोरी जर्सी.

"कालच शब्द दिला, दादा," तो खाली बघत म्हणाला. "तुमची लय वाट बघितली. कोण काय बोलंचना."

सहदेवने नारळ त्याच्या हातात दिला. "तुझ्या नावाने निघालाय, परत नेत नाय. पण आमच्यासमोर आलास तर जपून टाक. मी सिक्स मारणार."

आमचा पहिला सामना नेमका त्यांच्याशीच पडला. हर्षदच्या पहिल्याच चेंडूवर सहदेवचा मधला स्टंप उडाला आणि पुढे सामनाही गेला. सहदेव बॅट खांद्यावर टाकून थेट सामना बघायला आलेल्या आबांपुढे येऊन उभा राहिला.

"बघितलात ना बोलर?"

आबा म्हणाले, "मला चेंडू दिसलाच नाय रे."

"मला पण नाय, आबा."

आजूबाजूचे हसले. आबा हसले नाहीत. पण पुढच्या बैठकीत त्यांनीच विषय काढला. आता गडी कप्तानाने ठरवायचा, नारळही त्यानेच द्यायचा, गावकीला मागाहून कळवलं तरी चालेल.

तेव्हापासून सहदेवच्या दुकानात, हवा भरायच्या मशीनच्या वर, फळीवर एक नारळ ठेवलेला असतो. कोणासाठी म्हणून विचारलं, तर टायर फिरवत फिरवत तो सांगतो, "हर्षदने महाडला शब्द दिलाय तो यंदापुरता."