हत्तीकानाला पाणी

मे महिन्यात भरदुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." एवढेच त्या बोलल्या. बापूराव माझे थोरले चुलतभाऊ. मालेगावजवळच्या त्यांच्या मळ्यात पोचलो तेव्हा माणसे जमली होती आणि घराच्या सावलीतली हत्तीकानाची झाडे माना टाकून उभी होती.

बापूरावांचे घर मेथी-सांबारावर, म्हणजे मेथी-कोथिंबिरीवर चाले. बाजारात ते जुडीमागे घासाघीस करीत. सुपाएवढ्या पानांची ही झाडे मात्र त्यांनी कधी विकली नाहीत. पहिला कंद शिरपूरच्या एका ओळखीच्या घरून आणला होता. पाने फुटल्यावर वहिनींना तो धोपा, म्हणजे अळू वाटला आणि त्यांनी कापून वड्या केल्या. बापूरावांनी निमूट एक खाल्ली, मग दिवसभर चिंच चोखत बसले. खवखवत्या घशाने म्हणाले, "वडी झकास झाली वं. पण हे पान पाहाचं हाये, खाचं नाई."

"खाता येत नाई, इकता येत नाई, मंग पोसता कायले?"

"पाहाले."

हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. उन्हाळ्यात विहीर तळाला जाई आणि भाजीचे पाणी झाडांकडे वळे. वहिनी त्यांना 'माह्या सवती' म्हणत. दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत बापूराव माझ्यासमोरच वहिनींना म्हणाले, "पाऊस येईस्तोर झाडायले तेवढं पाणी देत जाजो." वहिनी चादर नीट करत राहिल्या... आता ही झाडे जाणार, असे मला वाटले.

अंत्यसंस्कार आटोपून आम्ही परतलो, तेव्हा रिवाजाप्रमाणे आंघोळीसाठी बादल्या भरून ठेवल्या होत्या. पुरुष न्हाणीकडे वळले, तोच ओसरीतून वहिनींचा आवाज आला.

"तिकडं नाई जी. झाडापाशी बसून घ्या आंघोळी."

पुरुषांनी बादल्या उचलून तिकडे नेल्या. एकेक जण त्या मोठ्या पानांमध्ये बसून डोक्यावर पाणी घेऊ लागला. तापलेली माती ते लगेच पीत होती.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. पाऊस झाला आहे. मागच्या दारात एक रुंद पान आडवे आले आहे. वहिनी सांबाराच्या जुड्या घेऊन आल्या आणि पानाला धक्का न लावता, वाकून आत शिरल्या.

"बाजूला बांधून देऊ का?" मी विचारले.

"राहू द्या भाऊजी. दरसाल इथंच येते. ते बी वाकूनच येत."

मीही वाकून आत गेलो.