काकूंची खुर्ची पुढच्या दारी गेली

शेजारच्या काकूंनी मागच्या अंगणात बसणं सोडलंय. आज सकाळी दूध आणताना त्यांची सून स्मिता भेटली, तिनेच सांगितलं.

नेरूळमधली आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, मध्ये कमरेएवढी भिंत. तिच्यावरून रोज गप्पा व्हायच्या, काकूंकडून भाजीची वाटी यायची.

गेल्या महिन्यात मी मागची छोटी बाग सजवली. पांढऱ्या कुंड्या, गोटे आणि भिंतीलगत उंच अरेका पामची रांग. फोटोंना तुम्ही भरभरून लाइक दिलेत.

"काकू बऱ्या आहेत ना गं?" मी विचारलं.

"ठणठणीत! पण खुर्ची पुढच्या दारी नेलीय. म्हणतात, तिने झाडांचा पडदा लावलाय, आपण कशाला डोकवायचं?"

खरं सांगते, काकूंच्या दोरीवरच्या साड्या मला फोटोत नको होत्या. त्यापलीकडे मी विचारच केला नाही.

त्यांची वाटी अजून माझ्या ओट्यावर आहे. रिकामी कशी परत करायची, म्हणून राहिलेली.

उद्या सकाळी पामच्या मधल्या दोन कुंड्या सरकवणार आहे. वाटीत शिरा भरून भिंतीवरूनच हाक मारेन. येतील ना हो काकू?