टाच टेकेपर्यंत

वस्ताद गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीच्या वर्गात कानाची रचना शिकवत होते. शिपाईमावशी दारात येऊन म्हणाल्या, "बाई, जासईवरून फोन होता... हसुराम वस्ताद गेले. सकाळी चहा घेता घेता." फळ्यावर अर्धा कान काढून झाला होता, तो तसाच राहिला. त्याच्याकडे बघून मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. कारण आमचं पहिलं भांडण कानावरूनच झालं होतं. आज महिना होऊन गेला, तो धडा मी अजून पुढे नेलेला नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्या कामोठ्याच्या शाळेत कुस्तीचा तास सुरू झाला. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वस्तादांनी तांबडी माती टाकून घेतली, तेल-ताक घालून स्वतः मळली. कंटेनर यार्डातून निवृत्त झालेला, बुटका, कुस्तीनं दोन्ही कान चुरगळलेला माणूस. माझी सानिका तेव्हा चौथीत होती आणि सारखी पडायची. अगदी सपाट रस्त्यावरही पडायची. डॉक्टरांना काही दोष सापडला नव्हता. जिना उतरताना ती दोन्ही हातांनी कठडा धरायची आणि मागून मुलं "धप्प!" म्हणून ओरडायची. शेवटी शाळेतच जायचं नाही म्हणू लागली. आणि वस्ताद म्हणाले, तिला माझ्या तासाला पाठवा. अशा पोरीला कुस्तीत घालायचं? मी वस्तादांना चांगलं ऐकवलं, की माणसाचा तोल कानाच्या आत असतो, तिथल्या द्रवावर अवलंबून असतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग तुमी कानाला शिकवा बाय, मी पायाला शिकवतो."

त्यांनी मातीवरून हात फिरवून ती सारखी केली, सानिकाला त्यावरून अनवाणी चालवलं आणि उकिडवे बसून पावलं वाचायला लागले. मी विज्ञानाची बाई, पण मला त्या दहा-बारा ठशांत मातीशिवाय काही दिसेना. "टाच टेकवतच नाय पोर. भिते जमिनीला. आधी पडून बघू दे तिला." दीड महिना तिनं फक्त पडण्याचंच काम केलं. खांद्यावर, कुशीवर, पाठीवर... मी खिडकीतून बघायची आणि दर धप्पला माझा जीव वर-खाली व्हायचा. पुढे एका पायावर, डोळे मिटून उभं राहणं सुरू झालं. नियम एकच, वस्ताद "टेका रं पोरांनो" म्हणेपर्यंत पाय खाली आणायचा नाही. तेही समोर तसेच उभे राहायचे. एकदा मी खोडसाळपणे स्टॉपवॉच लावलं. शेवटी दोन पायांवर उभी राहून मीच दमले, वस्ताद मात्र रोवलेल्या खांबासारखे. मी थक्क झाले होते, आजही आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस सानिका जिना उतरली. एका हातात डबा, दुसऱ्यात पाण्याची बाटली, तोंडानं मैत्रिणीशी गप्पा. कठड्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी तडक शेडमध्ये गेले, वस्तादांच्या पाया पडायला वाकले आणि माझाच तोल गेला. मला सावरत ते म्हणाले, "उद्यापासून तुमी पन या, बाय."

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना दोन मिनिटं डोळे मिटून स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मला काही डोळे मिटवेनात. बघते तर पाचवीच्या रांगेत एक पाय उचलला गेला. मग सहावीत दोन, आठवीत चार... वस्तादांची पोरं. मुद्दाम कुणी करत नव्हतं. डोळे मिटून उभं राहायचं ते असंच, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मुख्याध्यापिका रागावणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

दोन मिनिटं संपली. बाकी शाळेनं डोळे उघडले, पण त्या तीस-चाळीस पोरांचा एकही पाय खाली येईना. लहानग्यांच्या मांड्या थरथरत होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं, तरी पाय वरच. त्यांना हुकूम मिळाला नव्हता... आणि देणारा आता येणार नव्हता.

तेवढ्यात दहावीच्या रांगेतून आवाज आला. माझ्या सानिकाचा. तीही एका पायावर होती, डोळे मिटलेले. आवाज रडून फाटला होता, पण ती स्वतः जराही हलत नव्हती.

"टेका रं पोरांनो."

सगळ्या टाचा एकदम जमिनीवर आल्या.